आधी कागद, मंग डाग

नवीन जालन्यात कुणाच्या टीव्ही गेमचा रिमोट बिघडला की तो पिशवीत घालून कडूबाकडं न्यायचा, हे ९६-९७ सालाच्या सुमारास ठरूनच गेलं होतं. रिमोट म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचा तो पट्टा. डावीकडं अधिकच्या खुणेसारखं एक मोठं बटण, त्यानं गाडी वर-खाली, डावी-उजवी जायची. उजवीकडं चार गोल बटणं, त्यांनी गोळ्या सुटायच्या. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं त्याच्यावर अशी तुटून पडायची की जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत कडूबाच्या टेबलावर रिमोटांचा ढीग लागलेला असायचा.

दोष ठरलेले होते. बटणाखालच्या रबरी टोपीचा काळा थर झिजायचा. कडूबा तो स्पिरिटनं पुसून त्यावर मऊ पेन्सिल घासायचा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गोल कापून चिकटवायचा. वायर तर कायम एकाच जागी तुटायची, रिमोटाच्या मानेशी, कारण पोरगं हरलं की रिमोट ओढतं. मग तेवढा तुकडा छाटून उरलेली वायर पुन्हा जोडली की काम झालं. हे सगळं कुणी शिकवलं नव्हतं. रेडिओ दुरुस्त करता करता हात बसला होता.

दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला तो दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायचा. वर 'दोष', खाली 'काय केलं'. सरळ लिहिलं तर तो कडूबा कसला! 'दोष : आत चहा सांडला. काय केलं : पुसला. आईनं कपबशी उचलायला शिकावं.' 'दोष : आपटला. काय केलं : जोडला. पुढच्या वेळी पोराला आपटा.' काही गिऱ्हाइकं हसायची. जी हसायची नाहीत ती रागानं दुसऱ्या दुकानात जायची आणि महिन्याभरानं मुकाट परत यायची, कारण हात त्याच्यासारखा दुसऱ्या कुणाचा नव्हता. जीभही नव्हती, पण ते चालवून घ्यावं लागायचं.

कडूबा हे नाव आईनं, सोनूबाईनं ठेवलेलं. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती, म्हणून तिसऱ्याला तिनं पिंपळगाव रेणुकाईच्या देवीसमोर कडू करून टाकलं, यमानं तोंडात घातलं तरी थुंकून द्यावं म्हणून. युक्ती लागू पडली. नऊ वर्षांनी पाठीवर भाऊ झाला तोवर तिची भीती मोडली होती, त्यामुळं धाकट्याला देवाचं नाव मिळालं, रामकिसन. थोरला मात्र आयुष्यभर आपल्या नावाला जागला.

१९८१ साली कडूबानं स्टेशनच्या रस्त्यावर दहा बाय आठच्या जागेत 'रेणुका रेडिओ' ही पाटी लावली. चार वर्षांनी रामकिसनला गावाहून आणून शेजारी बसवलं, हातात सोल्डरिंगची सळई दिली आणि पहिल्याच दिवशी दुकानाचा कायदा सांगितला : "आधी कागद, मंग डाग." म्हणजे काहीही उघडलं की आतली जोडणी आधी कागदावर उतरवून घ्यायची, कुठली तार कुठून निघाली, कुठं गेली, आणि मगच डाग, म्हणजे वितळलेल्या कथलाचा सांधा, द्यायचा किंवा काढायचा. ज्यानं वस्तू बनवली त्यानं विचार करून बनवली आहे, आपलं काम ती होती तशी करून द्यायचं.

रामकिसनला कागदाचा कंटाळा होता. त्याच्या डोक्यात सगळं मावायचं, आणि डाग तर असा द्यायचा की ज्वारीच्या दाण्याएवढा, चकचकीत, गोल. कडूबा ते बघायचा आणि काही बोलायचा नाही. धाकट्याचं कौतुक तोंडावर करायचं नसतं, पोरगं शेफारतं, असं त्याचं मत होतं. रामकिसनची खोड वेगळीच होती. थोरला वस्तू बघायचा, आणि हा वस्तू घेऊन आलेल्या माणसाकडं बघत बसायचा.

त्या खोडीनंच घात केला. ९२ साली मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्यानं रेडिओ आणला, नुसता काटा बसवायला. रामकिसननं काटा बसवला आणि वरून आतली जोडणी बदलून आवाज दुप्पट केला. दुसऱ्या दिवशी अडत्या दुकानात येऊन ओरडला, की घरात बसवत नाही, कान फुटतात. चार गिऱ्हाइकं उभी होती. रामकिसनची लहानगी शिवकन्या टेबलावर बसून एका जुन्या रेडिओची बटणं दाबत होती.

"भाऊ, त्यांच्या म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई," रामकिसन हळूच म्हणाला. "काल सोबत आला होता, रेडिओला कान लावून बसला होता बिचारा. त्याच्यासाठी केलं."

"त्यानं सांगितलं होतं का?" कडूबा कडाडला. "मागितलं न्हाई ते करतो तो कारागीर न्हाई, नासाड्या असतो. सात वर्षं झाली शिकवून राह्यलो, शिकला न्हाईस, अन् शिकणार बी न्हाईस. गावाकडं जाऊन बैलं हाक."

रामकिसननं सळईचं टोक ओल्या फडक्याला पुसलं, ती जागेवर ठेवली, लेकीला टेबलावरून उचललं आणि तो गेला. आठवड्यात बिऱ्हाड हललं. बायकोचं, उषाबाईचं माहेर बदनापूरला, तिथं त्यांनी खोली घेतली. जालन्याहून आगगाडीनं अर्ध्या तासाची वाट, पण सात वर्षं दोघा भावांपैकी कुणी ती चालून आलं नाही. येईल, पाय दुखले की येईल, असं कडूबा आधी म्हणायचा. पुढं तेही म्हणायचं सोडलं.

मधे एकदा त्याची बायको झुंबरबाई हातातलं काम टाकून बदनापूरला गेली होती. शिवकन्या सहा वर्षांची असताना तिचा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला, असा निरोप आला होता. परत आल्यावर झुंबरबाई रडत सांगायला लागली, तर कडूबानं ताट सारून दिलं.

"जीव वाचला ना पोरीचा? मंग झालं. त्या घरचं माझ्यासमोर काढू नको."

तिनं काढलं नाही. नवऱ्याचा हट्ट तिला माहीत होता. आतून त्याला पोरीची काळजी नव्हती असं नाही. रात्रभर तो कूस बदलत होता, हे तिनं पाहिलं होतं. पण विचारणं म्हणजे हार, आणि हार त्याला जमत नव्हती.

९९ सालच्या मे महिन्यात गिरिजाबाई नावाची एक बाई दुकानात आली. ती बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरायच्या कामाला होती आणि रोज सकाळी गाडीनं यायची. तिनं कापडी पिशवीतून एक रिमोट काढला.

"वायर तुटली. तेवढी जोडून द्या, बाकी काही न्हाई."

"कुठून येता?"

"बदनापूरहून."

"कुणाचा हाय?"

बाई जरा अडखळली. "शेजारच्यांचा," म्हणाली आणि कामाची वेळ झाली म्हणून निघून गेली.

कडूबानं रिमोट हातात घेतला. वायर मानेशी तुटलेली नव्हती. बरोबर मधे, सरळ, कटरनं छाटल्यासारखी दोन तुकडे झालेली होती. उंदरानं कुरतडली म्हणावी तर दाताची खूण नाही. कुणीतरी कापली की काय, असं त्याला वाटलं, पण पोरांच्या घरात काय काय होतं याचा हिशेब कोण ठेवतो! पाच मिनिटांत वायर जोडून झाली. मग चालतो का बघावं म्हणून त्यानं रिमोट दुकानातल्या टीव्ही गेमला लावला आणि त्याचं डोकंच फिरलं. डावीकडचं मोठं बटण कुठूनही दाबा, गोळी सुटायची. आणि उजवीकडच्या चार गोल बटणांनी गाडी वर-खाली, डावी-उजवी जायची. सगळा उलटा कारभार.

त्यानं पाठीचे स्क्रू काढले. आतल्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा कुणीतरी ब्लेडनं जागोजागी तोडल्या होत्या आणि जळालेली मोटार भरायला लागते तसल्या केसासारख्या बारीक तारेचे अकरा तुकडे इकडून तिकडं जोडले होते. डाग मात्र ज्वारीच्या दाण्याएवढे, चकचकीत, गोल. हात चांगला आहे आणि डोकं उलटं, असं कडूबाला वाटलं. त्याच वेळी आणखीही एक गोष्ट त्याच्या मनात वर आली, पण ती त्यानं दाबून टाकली.

आता खरं तर वायर जोडून झाली होती. बाईनं तेवढंच सांगितलं होतं. पण चुकीची वस्तू हातातून जाऊ द्यायची, तीही 'रेणुका रेडिओ'च्या चिठ्ठीसकट, हे त्याला सोसवेना. त्यानं कागद घेतला नाही. चुकलेल्या जोडणीचा कसला कागद करायचा! एकेक डाग तापवून त्यानं अकराही तुकडे काढले, तोडलेल्या रेघा पुन्हा सांधल्या, आणि तीन तासांनी रिमोट कारखान्यातून आल्यासारखा झाला. मग टेचात चिठ्ठी लिहिली :

'दोष : वायर तुटली, आणि आतली सगळी जोडणी चुकीची. काय केलं : वायर जोडली. जोडणी सरळ केली. ज्यानं केली होती त्याला सांगा, आधी शिका, मग हात लावा.'

संध्याकाळी गिरिजाबाई आली, चिठ्ठीकडं न बघता रिमोट पिशवीत टाकून गाडी गाठायला पळाली. त्या दिवशी कडूबा घरी जाऊन दोन भाकरी जास्त जेवला.

जुलैमध्ये, मंगळवारी सकाळी, शेजारच्या दुकानात फोन आला. रामकिसन गेला. कावीळ झाली होती, अंगावर काढली, औरंगाबादेला नेईपर्यंत उशीर झाला. वय छत्तीस.

कडूबा गेला. खांदा दिला, अग्नी दिला, सावडायला उभा राहिला, भेटायला आलेल्यांना चहा झाला का विचारत राहिला. डोळ्यांत टिपूस नाही. थोरल्याचं काळीज दगडाचं, असं बायका म्हणाल्या. तसं नव्हतं. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती : कडू ठेवलेला राहिला आणि देवाच्या नावाचा गेला, आणि सात वर्षांत आपण त्याला एकदासुद्धा 'ये' म्हटलं नाही. रडायलाही तोंड लागतं, ते आपल्याला उरलं नाही, असं त्याला वाटत होतं.

दहाव्याला पाहुणे जेवून उठले. उषाबाई कोपऱ्यात पदर पुढं ओढून बसली होती. ती भायासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलत नसे. तिच्याजवळ एक बाई बसलेली होती, तिच्याकडं कडूबाचं लक्ष गेलं आणि तो थबकला. ती गिरिजाबाई होती.

"तुम्ही इथं?"

"आमची भिंतीला भिंत हाय." गिरिजाबाईनं मान खाली घातली. "त्या दिवशी नाव सांगू नका म्हणले होते रामकिसनभाऊ. म्हणले, उघडून बघितला की त्याला आपोआप कळंल कुणी केलाय ते."

कडूबाला आधी काही उमगलं नाही. मग भिंतीशी बसलेली शिवकन्या उठून आली. अकरा वर्षांची झाली होती, डावा हात ओढणीत गुंडाळलेला. तिनं तो रिमोट त्याच्यासमोर ठेवला. चिठ्ठी अजून बांधलेली होती.

"मोठे बाबा, हा पहिल्यासारखा करून देता का? मला याच्यानं खेळता येत न्हाई."

"कामून?"

तिनं ओढणी बाजूला केली. डाव्या हाताला एकही बोट नव्हतं. नुसता गोल झालेला तळवा होता. तिनं रिमोट मांडीवर घेतला, तो तळवा मोठ्या बटणावर दाबून धरला आणि उजव्या हाताची बोटं त्या चार गोल बटणांवर ठेवली.

"बाबांनी असं केलं होतं. इकडून गाडी चालवायची, अन् या हातानं नुसतं दाबायचं, की गोळी. आमच्या गल्लीत मला कुणी हरवत नव्हतं."

कडूबा तिच्यासमोर खाली बसला. जे त्या दिवशी दाबून टाकलं होतं ते आता वर आलं आणि त्याला थांबवता येईना. म्हाताऱ्याच्या कानासाठी रेडिओ बदलणारा हात, तोच हात. तो हात त्यानं ओळखला होता. ओळखून नाकारला होता.

"अन् वायर? वायर कशी तुटली?"

"तुटली न्हाई. बाबांनीच कापली, कटरनं. मी लई रडले. तर म्हणले, रडू नको, भाऊकडं पाठवायचं काही कारण पाहिजे ना. त्यो उघडून बघंल, मंग येईल बघ आपल्याकडं."

गिरिजाबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"चिठ्ठी वाचली का त्यानं?" कडूबानं विचारलं.

"वाचली. लई वेळ वाचली. मंग म्हणले, भाऊ म्हणतो म्हणजे माझंच चुकलं असंल. मी म्हणलं, पुन्हा करून द्या, तर दोनदा सळई तापवली अन् तशीच ठेवून दिली. मंग ते आजारी पडले."

शिवकन्या आत गेली आणि एक वही घेऊन आली. "यात कागद हाय त्याचा. याच्यावरून होईल का?"

वहीच्या मधल्या पानावर त्या रिमोटाची आतली पट्टी काढलेली होती, फूटपट्टी लावून, प्रत्येक रेघ, प्रत्येक तार, अकरा तुकड्यांना एक ते अकरा आकडे. ज्यानं आयुष्यात कधी कागद केला नाही त्यानं या एका कामासाठी केला होता. पानाच्या माथ्यावर रामकिसनच्या अक्षरात लिहिलं होतं : 'आधी कागद, मंग डाग.' आणि सबंध पानावरून, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, पेननं काट मारलेली होती.

तेव्हा कडूबा रडला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस भावजयीसमोर, शेजारणीसमोर, पुतणीसमोर हुंदके देऊन रडला. आपण आयुष्यभर दुसऱ्याला शिकवलेला कायदा आपणच मोडला आणि ज्याला नासाड्या म्हणालो त्यानं पाळला, हे त्याला लख्ख दिसलं. मागितलं नव्हतं ते कुणी केलं? कुणी नासलं?

बऱ्याच वेळानं तो उठला. बदनापूरला आल्यापासून रामकिसन जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा, त्याचं टेबल पुढच्या खोलीत होतं. तिथं त्याची सळई होती, ओलं करायचं फडकं वाळून कडक झालेलं होतं, बारीक तारेचं रीळ होतं. कडूबानं फडकं भिजवलं, वही समोर उघडी ठेवली आणि काट मारलेल्या कागदावरून एकेक आकडा बघत काम सुरू केलं. त्याचे डाग मोठे आणि ओबडधोबड पडले, रामकिसनसारखा दाणा एकही पडला नाही. दोनदा बोट भाजलं. दिवस कलला तेव्हा अकरावा तुकडा बसला.

"लाव टीव्हीला," तो म्हणाला.

तेरावा व्हायचा होता. सुतकाच्या घरात टीव्ही लावतात का, असं दारातली एक म्हातारी पुटपुटली. शिवकन्या आईकडं बघत उभी राहिली. तेव्हा भायासमोर कधीही न बोललेली उषाबाई पदराआडून म्हणाली, "लाव गं."

गाडी पडद्यावर आली. शिवकन्यानं तळवा मोठ्या बटणावर ठेवला, बोटं चार गोल बटणांवर. गाडी वर गेली, वळली, खाली आली. तळवा दाबला, गोळी सुटली. पहिल्या फेरीत तिचा एकही नेम चुकला नाही. कडूबा तिच्या मागं उभा राहून बघत होता, पडद्याकडं नाही, तिच्या हाताकडं. तो हात तो आज पहिल्यांदा बघत होता.

"चालतंय का, बाई?"

"बराबर चालतंय. बिलकुल पहिल्यासारखं." ती खेळत राहिली. मग तिचा हात मंदावला. पडद्यावरची गाडी भिंतीला लागून उभी राहिली आणि तिनं मान वळवून वर पाहिलं.

"म्हणजे बाबांचं बराबरच होतं ना, मोठे बाबा?"

"बराबर होतं," कडूबा म्हणाला. "सगळं बराबर होतं त्याचं."

"मंग त्यांना सांगायचं होतं ना."